मोटारीचं घर

आमच्या मोठ्या साडूंनी पंचावन्नावं लागताच दोन गोष्टी केल्या. सकाळी उपाशीपोटी कोमट पाण्यात लिंबू पिळून प्यायला सुरुवात केली आणि मोटारहोम घेतलं. लिंबू पंधरा दिवसांत सुटलं. मोटारहोमवर कर्ज होतं, त्यामुळे ते सुटायची सोय नव्हती.

मोटारहोम करायची कृती सोपी आहे. सतरा माणसं बसतील अशी गाडी घ्यायची, तिच्यातली बहुतेक आसनं उपटायची आणि त्या जागी पलंग, ओटा, मोरी, संडास आणि मालकाचा अभिमान ठासून भरायचा. साडूंच्या गाडीत पलंगाखाली बारा व्होल्टची, ३०० अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी होती, शेजारी तीन केव्हीएचा इन्व्हर्टर, छतावर सौर पत्रे, मोरीत दहा लिटरचा गिझर आणि मागच्या बाजूला जाळीआड एसीचं बाहेरचं यंत्र. एसी एक टनाचा. "एक टन म्हणजे त्याचं वजन नव्हे," हे साडू न विचारता सांगत. "एक टन बर्फ चोवीस तासांत वितळायला जेवढी उष्णता लागते, तेवढी हा खोलीतून ओढून बाहेर फेकतो." आमची ही त्यावर म्हणाली, "भावोजी, त्यापेक्षा बर्फच का नाही घेत?" त्या दिवसापासून तांत्रिक प्रश्न साडू फक्त मला समजावून सांगू लागले.

राज्य सरकारनं २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण जाहीर केलं. जिथं बरी हॉटेलं नाहीत तिथं माणसानं हॉटेल सोबत घेऊनच जावं, असा त्याचा मला समजलेला अर्थ. आमच्या हिचा परळी वैजनाथाचा नवस बरेच दिवस राहिला होता. साडूंनी धोरण आणि नवस यांची सांगड घातली आणि पाडवा होऊन आठ दिवस झाल्यावर आम्ही चौघं पुण्याहून निघालो. एप्रिलात मराठवाड्यात? असं मी विचारलं. साडू म्हणाले, "मग एसी कशासाठी घेतलाय?" या प्रश्नाचं उत्तर मला पुढचे दोन दिवस शोधावं लागलं.

अहिल्यानगरपर्यंत एसी असा चालला की मेहुणीनं शाल काढली. सिग्नलला शेजारी उभ्या राहिलेल्या, घामाघूम झालेल्या दुचाकीस्वाराकडे साडू अशा करुणेनं बघत होते की तो बिचारा आपला मडगार्ड तपासू लागला. नगरच्या पुढं कडा आणि आष्टी लागते. म्हणजे आपण बीड जिल्ह्यात आलो. आष्टी सुटली की जामखेड, म्हणजे परत नगर जिल्हा. पुढं सौताडा आला की पुन्हा बीड. हद्दीचं हे आत-बाहेर एसीनं मनावर घेतलं असावं. जामखेडात तो बंद पडला, सौताड्याला सुरू झाला आणि पाटोद्याच्या अलीकडं इन्व्हर्टरनं टीं-टीं-टीं असा गळा काढून मौन धरलं.

साडूंनी मोबाइल उघडला. त्यांच्या मोबाइलवर गाडीची नाडी दिसते. बॅटरी चौऱ्याऐंशी टक्के भरलेली. आणि इन्व्हर्टरच्या पडद्यावर अक्षरं: लो बॅटरी. म्हणजे पोटभर जेवलेला माणूस ताटावरून उठून "कालपासून काही खाल्लं नाही" म्हणतोय, असा प्रकार. एसी बंद केला की इन्व्हर्टर शांत. एसी लावला की दोन मिनिटांत पुन्हा टाहो. खिडक्या उघडायच्या म्हटलं तर त्या शोभेच्या, चार बोटं उघडणाऱ्या. बाहेर बालाघाटाच्या माळावर पवनचक्क्या निवांत पाती फिरवत होत्या. समोर डोळ्यांदेखत वीज तयार होत होती आणि आम्ही रस्त्याच्या नकाशाची घडी करून वारा घेत होतो.

"धक्क्यानं काहीतरी हललं असेल," मी म्हणालो.

"सॉफ्टवेअर," साडू म्हणाले. ज्या बिघाडाला हात लावायची भीती वाटते त्याला हल्ली सॉफ्टवेअर म्हणतात.

मांजरसुंब्याला धुळे-सोलापूर महामार्ग येऊन मिळतो. चौफुलीवर ढाब्यांची रांग आहे. त्यातल्या एका ढाब्यासमोर लिंबाखाली आम्ही गाडी लावली. पाचच मिनिटांत गाडीभोवती माणसं जमली. पांढरी लांब गाडी, बाजूला पायरी, वर पत्रे, आत पलंग. एक म्हातारी थेट पायरी चढून आत आली आणि पलंगावर बसून म्हणाली, "डाव्या डोळ्याला काईच दिसंना बाबा." तिला ही डोळे तपासायची गाडी नव्हे हे समजावेपर्यंत मागून एकानं शेळी आणली. "जनावराच्या दवाखान्याची हाय का?" तिसऱ्यानं मशीन कुठंय विचारलं, त्याला मतदानाची वाटली. साडूंनी पायरीवर उभं राहून खुलासा केला, "हे आमचं घर आहे." त्यावर म्हातारीनं एकदा आत, एकदा आमच्या चौघांच्या तोंडाकडे बघितलं आणि शेळीवाल्याला हळूच म्हणाली, "वावर-बिवर गेलं असंल इकून."

साडूंकडे तीस मीटरची पिवळी केबल होती. ढाबेवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, "लावा की! लाईट का माझ्या घरची हाय?" पिन लावली. साडूंच्या मीटरवर आकडा आला १५८. घरात २३० लागतात. तरीही साडूंनी एसीचं बटण दाबलं. गाडीच्या मागून 'घूंऽऽऽ' असा आवाज आला, जणू कोणी जड माणूस जमिनीवरून उठायचा प्रयत्न करतोय. मग 'टक्' झालं आणि तो माणूस परत बसला. ढाब्यात त्याच क्षणी कूलरचा पंखा मोजता येईल इतका मंदावला, आणि आतून वाटण करणाऱ्या बाईचा आवाज आला, "कोण हाय रे त्यो?"

एसीचा कॉम्प्रेसर सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट करंट मागतो. दाब पुरेसा नसेल तर तो फिरत नाही, नुसता घुमतो, तापतो आणि स्वतःला वाचवण्यासाठी आतलं ओव्हरलोड तोडतो. हे साडू मला समजावत होते तेवढ्यात गाडीला टेकून उभं असलेलं एक अनवाणी पोरगं उडी मारून लांब झालं.

"काका, गाडी चावायलीय!"

सगळ्यांनी आळीपाळीनं गाडीला हात लावून बघितला. काहींना मुंग्या आल्या, काहींना नाही. ज्यांना आल्या नाहीत त्यांनी चप्पल काढून पुन्हा लावला. ढाब्यावर असा उत्साह मी क्रिकेटच्या सामन्यालाही बघितलेला नाही. मग सल्ल्यांना ऊत आला. अर्थिंग नाही, यावर मात्र सर्वांचं एकमत झालं. पोरगं म्हणालं, "रबराच्या चाकाला कुठली आली अर्थिंग!" ते सातवीत होतं, आमच्यात चार पदवीधर होते.

कुणीतरी पहार आणली. ती जमिनीत ठोकली, तार गुंडाळून गाडीला जोडली, बुडाशी पाणी ओतलं, ढाबेवाल्यानं एक किलो मीठ दिलं तेही ओतलं. साडूंनी सर्वांना मागं सारून पुन्हा पिन लावली. खट्! गाडीतला ट्रिप स्विच पडला. वर केला, खट्. पुन्हा वर केला, पुन्हा खट्. आतापर्यंत निदान चावून का होईना वीज येत होती, अर्थिंग दिल्यावर तीही थांबली. जमलेल्या मंडळींनी यावरून निष्कर्ष काढला की मीठ जास्त झालं.

माझ्या ऑफिसातल्या एका सहकाऱ्याचं गाव केज तालुक्यात आहे. त्याचा फोन आला, "रस्त्यावर काय थांबता, वस्तीवर जा. भाऊ आहे. मिस्तरी पण आहे." नेकनूर मागं टाकत आम्ही उघड्या दारानं, घामानं निथळत वस्तीवर पोचलो तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. सहकाऱ्याच्या भावानं चिंचेच्या गर्द सावलीत जागा दाखवली. शेजारी कडबा कुट्टीचं यंत्र चालू होतं. ते आम्ही बघितलं, पण त्याची नोंद घेतली नाही.

गूळ-पाणी झाल्यावर भाऊंनी मिस्तरीला फोन लावून साडूंच्या हातात दिला. त्या भागात मोटार म्हणजे विहिरीवरची. गाडीला गाडी म्हणतात. हे आम्हाला नंतर कळलं. तो संवाद मी एका बाजूनं ऐकला आणि दुसरी बाजू मिस्तरीनं रात्री जेवताना पुरवली.

"मोटारहोमचा प्रॉब्लेम आहे," साडू म्हणाले.

"मोटारीच्या खोलीत? मोटार किती एचपीची?"

"एकशे पंधरा," साडू अभिमानानं म्हणाले.

पलीकडं जरा वेळ शांतता. "एकशे पंधरा? माजलगावचं धरण उपसायलाव का काय? बरं, जळाली का नुसती घुमायलीय?"

"घुमते."

"मग कंडेन्सर गेला असंल."

साडूंचा चेहरा पडला. एसीचा कंडेन्सर म्हणजे बाहेरची ती मोठी जाळीदार नळ्यांची चौकट. तिची किंमत ते जाणून होते. मिस्तरीच्या भाषेत कंडेन्सर म्हणजे मोटारीला सुरुवातीचा धक्का देणारी मुठीएवढी डबी, कपॅसिटर. ती दोन-चारशे रुपयांत मिळते. एका शब्दानं साडूंना तासभर जी यातना दिली ती त्यांनी कोणाला सांगितली नाही. पण त्या तासात त्यांनी आपण होऊन गूळ-पाणी दुसऱ्यांदा मागितलं.

मिस्तरी मोटारसायकलवर आला. वय तिशीच्या आत, खिशात टेस्टर, कमरेला पक्कड, आणि पिशवीत होल्डरला दोन वायरी जोडलेला साधा पिवळा बल्ब. जळालेल्या मोटारी भरून देणं हा त्याचा धंदा. त्यानं गाडीला एक चक्कर मारली, आत डोकावला, परत बाहेर आला. "हे हाय व्हय मोटारीचं घर," तो म्हणाला. "मी मन्लं विहीर कुठं दिसंना."

साडूंनी वायरिंगचा नकाशा काढला. गाडी बांधणाऱ्यानं तो दिला होता आणि साडूंनी तो देवघरातल्या पोथीसारखा जपला होता. याच जिल्ह्यात, अंबाजोगाईला, संतकवी दासोपंतांनी लांबलचक कापडावर ग्रंथ लिहिला. त्यांची पासोडी म्हणून ती प्रसिद्ध आहे. आमचा नकाशा लांबीला तेवढा नव्हता, पण अर्थाला तितकाच गहन होता. मिस्तरीनं तो आदरानं हातात घेतला, उलगडला, गाडीखाली अंथरला आणि त्यावर पाठ टेकून आत सरकला.

मग त्यानं जे केलं ते इतकं साधं होतं की आम्हाला राग आला. आधी घरातल्या बोर्डाच्या प्लगला टेस्टर लावून फेज कुठल्या भोकात आहे ते बघितलं. मग गाडीतली एकेक वस्तू वायरीसकट सोडवून बाजूला काढत गेला. फ्रिज काढला, ट्रिप स्विच वर केला: खट्. शेगडी काढली: खट्. चार्जर काढला: खट्. गिझरपाशी आला तेव्हा साडू म्हणाले, "तो सोडा हो. तो पुण्यापासून बंदच आहे. बटण बघा की."

मिस्तरीनं बटण बघितलं. मग गिझरच्या दोन्ही वायरी सोडवल्या आणि ट्रिप स्विच वर केला. स्विच वरच राहिला.

"पण तो बंद होता!" साडू म्हणाले. एखाद्या सज्जन माणसाला पोलिसांनी धरावं तसा त्यांचा स्वर झाला.

"काका, बटण एकच वायर तोडतंय," मिस्तरी म्हणाला. "फेज. न्यूट्रल तसाच जोडलेला असतोय. तुमच्या गिझरची कांडी आतून फुटलीय, पाणी शिरलंय. म्हणून न्यूट्रल गाडीच्या पत्र्याला लागलाय. स्विचचं काम एवढंच: जितका करंट गेला तितका परत आला का बघायचं. थोडा पत्र्यातनं जमिनीत पळाला की त्यो पडणार."

"मग मांजरसुंब्याला गाडी चावत होती, ती?"

"तिथली पिन उलटी जोडलेली असंल. फेजच्या जागी न्यूट्रल. मग तुमचं बटण न्यूट्रल तोडणार आन् फेज कांडीत जिता. त्यो पत्र्यावर येणार. तुम्ही अर्थिंग ठोकली तवा त्याला वाट मिळाली आन् स्विच पडला. स्विचनं बरोबर केलं." मग जरा थांबून, "मिठानंबी बरोबर केलं."

एवढं सांगून त्यानं एक प्रश्न विचारला. तो मी आजवर विसरलो नाही. "पण काका, बीडला, चैतात, गिझर कशाला?" त्यानं मोरीतला गार पाण्याचा नळ सोडला. दिवसभर उन्हात तापलेल्या टाकीतलं पाणी हाताला सोसवेना.

आता बॅटरी. मोबाइलवर चौऱ्याऐंशी टक्के दाखवणारी, आणि तरी उपाशी. मिस्तरीनं एसी इन्व्हर्टरवर लावला आणि स्वस्थ बसून राहिला. टीं-टीं झालं. त्यानं पलंगाची फळी उचलली, एसी बंद केला आणि बॅटरीच्या एकेका जोडावर, ताप आलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा, हाताचा पालथा पंजा टेकवला. पहिला थंड. दुसरा थंड. तिसऱ्यावर त्यानं हात झटकला. काळ्या वायरीच्या टोकाचा लग नटाखाली सैल झाला होता. वायरीचं प्लॅस्टिक तिथं मऊ पडून चकाकत होतं.

बारा व्होल्टची ही गंमत मला तेव्हा कळली. घरातल्या २३० व्होल्टवर या एसीला पाच अँपिअर पुरतात. तोच बारा व्होल्टवर चालवायचा तर शंभर लागतात. शंभर अँपिअरच्या वाटेत सैल जोडानं एका ओहमचा पन्नासावा हिस्सा एवढा जरी अडथळा केला, तरी दोन व्होल्ट तिथंच गळतात आणि जोडाची २०० वॅटची शेगडी होते. बॅटरी खरंच भरलेली होती. इन्व्हर्टरलाही खरंच कमी मिळत होतं. दोघंही खरं बोलत होते आणि मधला दलाल खात होता. मिस्तरीनं बॅटरी तोडली, लग काढून पॉलिश कागदानं घासला, तेरा नंबरच्या पान्यानं नट आवळला. साडूंनी घरी गेल्यावर तक्रार लिहिण्यासाठी जुळवून ठेवलेली इंग्रजी वाक्यं मनातल्या मनात खोडली.

पाच वाजता आसपासच्या मोटारी बंद झाल्या. शेतीला थ्री-फेज पाळीपाळीनं येते, कधी दिवसा, कधी रात्री. ती असते तोवर शिवारातल्या सगळ्या मोटारी एकदम ओढतात. त्या थांबल्यावर साडूंच्या मीटरवर २२८ आले. एसी लागला आणि गार वारा आला. भाऊ, वहिनी, त्यांची आई, पोरं, शेजारचे दोघं आणि आम्ही चार, अशी बारा माणसं सात माणसांच्या जागेत बसून गार झालो. म्हाताऱ्या आईंना पलंगावर मधोमध बसवलं. त्या डोळे मिटून म्हणाल्या, "पावसाळी गार लागायलंय." साडूंना पहिल्यांदाच कर्ज सार्थकी लागल्यासारखं वाटलं. ते पंचवीस मिनिटं टिकलं.

मग वारा कोमट झाला. मग गरम. मग मागून 'टक्'.

कोणी काही बोललं नाही. मिस्तरी धपाटं हातात घेऊन मागं गेला आणि तिथूनच हसण्याचा आवाज आला. कुट्टीचं यंत्र दोन तास ज्या दिशेला भुसा फेकत होतं, त्याच दिशेला आमच्या एसीची जाळी होती. आणि एसी लागला की त्याचा पंखा बाहेरची हवा त्याच जाळीतून ओढतो. ज्वारीच्या कुट्टीचा एक बोटभर जाड, गोधडीसारखा थर कंडेन्सरवर बसला होता. साडूंच्या कंडेन्सरवर, मिस्तरीच्या नव्हे. आतली उष्णता बाहेर फेकणार कुठून? एसीनं आमच्यासाठी ओढलेला सगळा ताप त्याच्याच पोटात राहिला होता.

साडू म्हणाले की यासाठी खास केमिकल मिळतं, पुण्यात. भाऊ म्हणाले, "थांबा." गोठ्यातून ते पाठीवरचा फवारणीचा पंप घेऊन आले, कपाशीवर औषध मारायचा. तो तीनदा विसळला, साध्या पाण्यानं भरला. मिस्तरीनं आधी पिन काढली, हातानं कुट्टीचा थर सोलून काढला, मग नळीचं तोंड बारीक करून आतून बाहेर, वरून खाली, पातळ पत्र्यांच्या रेघांना समांतर असं पाणी मारलं. "आडवं मारलं की पाती वाकतेत," तो म्हणाला. "बोंडअळीला मारायचं तसंच, पण अळीपेक्षा हळू." खाली पडलेली ओली कुट्टी आईंनी पाटीत भरली आणि म्हशीपुढं टाकली. आमच्या प्रवासात एसीचा थेट फायदा झालेला तो एकमेव जीव.

मिस्तरीचे पैसे विचारले. तो भाऊंकडे बघत म्हणाला, "पाव्हण्याकडून काय घ्यायचं." साडूंनी आग्रह केला तेव्हा त्यानं दोनशे घेतले, त्यातले शंभर पोरांच्या हातात ठेवले. निघताना वायरिंगचा नकाशा झटकून परत दिला. त्यावर त्याच्या पाठीचा स्पष्ट ठसा होता. नकाशावर काही उपयोगी खूण असेल तर तीच.

रात्री जेवायला येसराची आमटी, भाकरी, शेंगदाण्याची चटणी होती. जेवल्यावर सगळ्यांनी अंगणात बाजा टाकल्या. दिवसा चाळिशीला टेकलेला माळ रात्री दहानंतर असा निवतो की पांघरूण लागतं. आम्ही तिघं बाहेर आडवे झालो. साडू मात्र आत गेले. एवढं दुरुस्त केल्यावर एसीत झोपणं हे त्यांना कर्तव्य वाटत होतं. अकराला लाईट गेली. गाडी बॅटरीवर गेली, एसी चालू राहिला, आतून साडूंच्या समाधानाची घोरणी ऐकू येत राहिली. ३०० अँपिअर-अवरची बॅटरी, शंभर अँपिअरचा एसी; हिशेब तोंडी करता येतो. दोन वाजता टीं-टीं-टीं झालं. थोड्या वेळानं दार उघडलं. साडू उशी घेऊन बाहेर आले आणि रिकाम्या बाजेवर आडवे झाले. आम्ही तिघंही जागे होतो. तिघांनीही झोपेचं सोंग केलं.

सकाळी अंबाजोगाईच्या रस्त्याला चहाला थांबलो. टपरीशी एक ट्रॅक्टर उभा होता, मागं दोन ट्रॉल्या. त्यावर पत्र्याच्या पेट्या, गोधड्यांच्या वळकट्या, ताडपत्री, कोपीचे बांबू, पातेली, डालीखाली कोंबड्या, एक शेळी, एक सायकल आणि या सगळ्याच्या वर बसलेली लेकरं. ऊसतोडीची माणसं होती. दसरा करून कर्नाटकातल्या कारखान्यावर गेलेली, पाच-सहा महिन्यांनी पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, गावाकडं परत निघालेली. ट्रॉलीच्या कडेला वहीएवढा सौर पत्रा तारेनं बांधला होता आणि त्याच्या वायरीला एक मोबाइल लटकत होता. साडूंनी तो निरखून बघितला. जोड घट्ट होता.

त्यांच्यातल्या एक मावशी चहाचा कप घेऊन आमच्या गाडीपाशी आल्या. दारातून आत बघितलं. पलंग, ओटा, मोरी.

"घरच हाय की समदं," त्या म्हणाल्या. "ह्ये वर काय?"

"एसी. गार हवेचा. एक टनाचा," साडू म्हणाले, आणि सवयीनं पुढचंही सांगितलं, "चोवीस तासांत एक टन."

"चोवीस तासांत एकच टन?" मावशींना त्याची कीव आली. "आमचा कोयता दिवसाला दोन टन तोडतोय." कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, टोळीचा हिशेब माणसांत नाही, कोयत्यांत होतो. मावशींचा नवरा ट्रॅक्टरच्या सावलीत बसला होता. उरलेला अर्धा कोयता.

दसरा झाला की या जिल्ह्यातून लाखो माणसं घर चाकांवर घालून निघतात. २०२१ च्या धोरणाच्या कितीतरी आधीपासून. त्यांच्या घरात बिघडेल असं काही नसतं, म्हणून त्याला मिस्तरी लागत नाही, आणि त्याला पर्यटन असं कोणी म्हणत नाही.

मावशींनी गाडीला बाहेरून एक फेरी मारली आणि साडूंना विचारलं, "कितीची उचल घेतली?"

साडूंना कळेना. मी सांगितलं, मुकादमाकडून हंगामाआधी घेतात ती रक्कम. मग अंगमेहनतीनं फेडायची.

"उचल नाही हो मावशी," साडू हसले. "बँकेचं कर्ज आहे. दरमहा हप्ता."

"मंजे फिटंपर्यंत फिरावंच लागंल," मावशी म्हणाल्या. कप टपरीवर ठेवला आणि ट्रॉलीत चढल्या.

दुपारी परळीत शिरताना औष्णिक केंद्राची धुराडी दिसली. २०१५ च्या दुष्काळात पाणी नाही म्हणून हे केंद्र बंद ठेवावं लागलं होतं. वीज करायला पाणी हवं, पाणी उपसायला वीज हवी. या दोहोंच्या मध्ये तो दोनशे रुपयांचा मिस्तरी मोटारसायकलवरून फिरत असतो. वैजनाथाचं दर्शन चांगलं झालं. आमच्या हिचा नवस फिटला.

साडूंचे अजून एक्कावन्न हप्ते बाकी आहेत.